तात्यापाऱ्यात दवण जिवंत होता

तात्यापारा, रायपूर
८ जून २०२५

चि. अच्युत,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन बंद. वाचकांच्या शिव्या वाचून पित्त खवळतं म्हणून तू तो कपाटात टाकलास, असं तुझ्या बायकोने सांगितलं. मग आता पत्र घे. पत्र मध्येच तोडता येत नाही, आणि माझं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखंच आहे, तेव्हा 'लागलं नाही' ही सबब चालायची नाही. मामेभाऊ लेखक झाला म्हणून त्याला बोलायचं नाही, असा काही कायदा मी ऐकलेला नाही.

'नखदरी'चा दुसरा भाग आमच्या वाचनालयात आला आणि काल शनिवारी त्याच्यावरून मारामारी झाली. अक्षरशः मारामारी! तुला माहीत आहे, इथल्या मुलांना मराठी सगळं समजतं, पण बोलतात हिंदीत, आणि मराठी पुस्तक हातात धरलं की दुसऱ्या पानाला जांभई. म्हणून दर शनिवारी मी मोठ्याने वाचते आणि ते ऐकतात. पहिला भाग असाच वाचला. दुसऱ्याची आत्ता कुठे सुरुवात केली होती. पण तुझ्या त्या चौदाव्या प्रकरणाच्या पानांचे फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरून चुकलेत. रुंजी शूळनाथाला पकडते, तो शस्त्र टाकून हात जोडतो आणि तरी ती त्याचा गळा चिरते, ती पानं.

पराग आमचा इंजिनीअरिंगचा. तो उभाच राहिला. "क्या मारा है, आंटी! ऐसा ही होना चाहिए." चेतना म्हणाली, "हात जोडलेल्याला मारलं तर रुंजी आणि शूळनाथ यांच्यात फरक काय राहिला?" पराग म्हणाला, मुलींना रक्त बघवत नाही. तिने त्याच्या कानाखाली वाजवली. परागच्या मित्राने खुर्ची उचलली, ती ट्यूबलाइटला लागली आणि काचा खाली बसलेल्या लहान मुलांच्या डोक्यात. एकाच्या मानेतून काच काढताना माझे हात लाल झाले. तू तिकडे खूश होशील, तुझं पुस्तक एवढं भिनलं म्हणून.

काही मुलं तर विचारतात, रुंजी सूड घेते तो नेमका कशाचा? त्याचं उत्तर दे. आणि ते चौदावं प्रकरण मी मोठ्याने वाचावं की नाही, तेही सांग. माझ्या मनात ते वाचायचं नाही.

तुझी,
सुनीतीताई


पुणे
१७ जून २०२५

ती. सुनीतीताईस,
सा. न.

तुझं पत्र वाचून हसलो आणि मग घाबरलो, ते पोरगं बरं आहे ना?

फोन कपाटात आहे हे खरं, पण प्रकाशक टपाल पाठवतोच. कोल्हापूरच्या एका गृहस्थाने पुस्तकाचे मधोमध दोन तुकडे करून पार्सल केलेत, सोबत चिठ्ठी, 'तुमच्या नायिकेने हेच केलं.' एका मुलीने दंडावर रुंजीचा चाकू गोंदवून घेतलाय, त्याचा फोटो आलाय. नाशिकची एक आई लिहिते, माझा मुलगा घरातल्या उशांचे गळे चिरतो, कापूस आवरता आवरता जीव जातो. पहिल्या भागाला सगळ्यांनी 'छान' म्हटलं होतं, आणि छान म्हणून विसरून गेले होते. आता अर्धे लोक मला डोक्यावर घेतात, अर्धे जोड्याने मारू म्हणतात. मला तर हेच बरं वाटतं, ताई. खोटं कशाला बोलू?

'सूड कशाचा' हा प्रश्न इथल्या एका समीक्षकालाही पडला. सूड मुळात पोकळ असतो, असं मला सुचवायचं आहे असं त्याने लिहिलंय. मला सुचवायचं नव्हतं, पण आता म्हणतोय. तुझी मुलं हुशार दिसतात.

सगळीच तशी नसावीत. तुमच्याच वाचनालयाच्या पत्त्यावरून भावना नावाच्या मुलीचं पत्र आलं. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. विचारते, 'दवण कधी परत येणार? नव्या भागात सगळे तो मेला असं का म्हणतात, त्यांना माहीत नाही का?' आता पहिल्या भागाच्या शेवटी पुलावर शूळनाथाने रुंजीच्या भावाच्या छातीत भाला घातला, दवण बहिणीच्या मांडीवर 'माझा सूड घे' म्हणून मेला, आणि ही विचारते परत कधी येणार! मी उत्तर लिहिलं, 'दवण मेला आहे. शेवटचं प्रकरण नीट वाच.' जरा तुटक झालं असेल, म्हणून पहिल्या भागाची सही केलेली प्रत सोबत पाठवली.

चौदावं प्रकरण वाच. लिहिलंय तसं, एक शब्द न गाळता. मुलांना दूधभात भरवायचे दिवस गेले.

तुझा,
अच्युत


तात्यापारा, रायपूर
२९ जून २०२५

अच्युत,

आशीर्वाद आज नाहीत. कपाळाला टाके आहेत आणि लिहिताना ते ओढतात.

भावना मूर्ख नाही. तिने ऐकलेल्या पुस्तकात दवण मेलाच नव्हता. भाला बरगडीला घासून गेला, तो नदीत पडला, वाहत गेला, पुढे कुठेतरी काठाला लागला. असं मी वाचलं. तुझ्या पुस्तकात नसलेलं, मनाने, तिथल्या तिथे जुळवून. मला त्याची लाज वाटत नाही आणि उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

का ते ऐक. भावनाचा मोठा भाऊ गौतम. वडील रेल्वेत, आई शांता, बूढ़ापाऱ्यात घर. घरातली मोठी माणसं नागपूरकडचं मराठी बोलणारी. गौतम आमच्याच वाचनालयात बसून परीक्षेचा अभ्यास करायचा. गेल्या वर्षी गणपतीच्या विसर्जनाला, वाचनालयाच्या दारासमोर, मिरवणुकीच्या गर्दीत त्याच्या स्कूटरचा लोकेश नावाच्या एका मुलाला धक्का लागला. एवढंच. शिवी, ढकलाढकली, आणि लोकेशने ऑनलाइन मागवलेला बटणाचा चाकू काढून याच्या पोटात घातला. गौतम जागीच गेला, मी आतून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोकेश आता जामिनावर बाहेर आहे, तळ्याच्या बाजूला चहाच्या ठेल्यावर रोज बसतो.

भावना तेव्हापासून बोलायचीच बंद झाली. शांता तिला हाताला धरून दर शनिवारी आणून बसवायची, कानावर चार शब्द पडू देत म्हणून. भिंतीला टेकून बसायची नुसती. पुलाचं प्रकरण आलं, मी वाचत होते, आणि एकाएकी तिचा आवाज आला, "मर गया क्या?" किती महिन्यांनी आला तो आवाज! सगळी मुलं वळून बघायला लागली. पुस्तकात तू काय लिहिलं होतंस ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी म्हटलं, "नाही गं, वाचला." तू असतास तर काय म्हणाला असतास? शेवटचं प्रकरण नीट वाच?

तुझी सही केलेली प्रत आली. ती तिने ओळीखाली बोट धरून वाचली, मराठी छापील अक्षर आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत. मग वाचनालयात आली आणि ते पुस्तक माझ्या तोंडावर फेकलं. चष्म्याची काच कपाळात घुसली. तेवढ्यावर थांबली नाही, माझे केस धरून डोकं कपाटावर आपटलं आणि ओरडत राहिली, "झूठी, झूठी." मी हात उचलला नाही. मुलांनी ओढून काढलं तेव्हा तिच्या मुठीत माझे केस होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तिचा दुसरा भाऊ आहे, यशदीप, गौतमच्या पाठचा. तो कधी पुस्तकाला शिवत नाही. तो आता तुझा दुसरा भाग वाचतो आहे. दुसरा भाग म्हणजे फक्त चौदावं प्रकरण, पुन्हा पुन्हा. काल मला म्हणाला, "काकू, लेखकानं बराबर लिहिलं. पुलिस-कोर्टानं काही होत नाही." त्याच्या खिशात काय आहे ते मला बाहेरून दिसलं. त्याच्या खिशात आता तसाच बटणाचा चाकू आहे.

तू ये. त्याला समोर बसवून सांग की हे चूक आहे. तो तुझं ऐकेल, माझं कोण ऐकतं?

सुनीती


पुणे
८ जुलै २०२५

ती. ताई,

कपाळ कसं आहे? तुझं पत्र दोन दिवस खिशात घेऊन फिरलो.

भावनाला मी जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. पण आधी थोडं भांडू दे. पुस्तकाने कुणाच्या हातात चाकू दिला, हे मी मानत नाही. लोकेशने कुठलं पुस्तक वाचलं होतं? आणि दवणला जिवंत तू ठेवलंस. तू खरं वाचलं असतंस तर त्या मुलीला ते माझ्या टपालातून कळलं नसतं. तूही तिथे नव्हतीस, मीही नव्हतो, गौतम जागीच गेला. मग आपण दोघं कुणाच्या वतीने काय ठरवतोय?

हे लिहून झालं आणि प्रकाशकाचं पाकीट आलं. त्यात यशदीपचं पत्र आहे. हिंदीत, पानाच्या मधोमध. 'सर, रुंजी का हाथ नहीं काँपा। यह कैसे हुआ? बता दीजिए।' बस, खाली नाव.

ताई, मी कोंबडी कापलेलीही पाहिलेली नाही. घरी मासे आले की मी बाल्कनीत जातो. तो प्रसंग मी एका कॉफीच्या दुकानात बसून लिहिला, शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. हात थरथरला नाही हे मी लिहिलं कारण वाक्य तिथे चांगलं बसत होतं. हे त्या मुलाला कसं सांगू? चार वेळा लिहायला बसलो आणि चारही वेळा कागद फाडला.

तिकडे यायचं म्हटलं तर पाय उचलत नाही. भित्रा म्हण हवं तर. पण मी दुसरं काहीतरी केलं आहे. सोबत पानं आहेत, चौदावं प्रकरण मी नव्याने लिहिलं आहे. रुंजीला शेवटच्या क्षणी दवणचा चेहरा आठवतो, ती चाकू दरीत फेकते आणि शूळनाथाला पंचांपुढे नेते. हे तू शनिवारी त्यांच्यासमोर वाच. यशदीपला पुढे बसव. छापील प्रकरण कसं होतं ते विसरायला लाव. तुला हे जमतं, तू पूर्वी केलं आहेस.

तुझा,
अच्युत


तात्यापारा, रायपूर
२० जुलै २०२५

चि. अच्युत,
अनेक आशीर्वाद.

तुझी पानं मिळाली आणि काल मी ती वाचली. म्हणजे अर्धीच वाचून झाली. पुढे काय झालं ते सगळं लिहिते, मध्ये कुठे थांबू नकोस.

काल वाचनालय खच्चून भरलं होतं, मी चौदावं प्रकरण वाचते की नाही ते बघायला आलेल्यांनी. परागने चेतनाशी समेट केला होता, दोघं शेजारी बसले होते. भावनाही आली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. यशदीप पुढे बसला. मी तुझी पानं पुस्तकात घालून ठेवली आणि वाचायला लागले. रुंजी दरीच्या तोंडाशी आली, शूळनाथाने हात जोडले, इथपर्यंत छापील आणि तुझं नवं सारखंच होतं. मग मी वाचलं, 'तिला दवणचा चेहरा आठवला.'

माझं लक्ष गेलं नव्हतं. यशदीपच्या मांडीवर छापील पुस्तक उघडं होतं आणि तोही बहिणीसारखाच ओळीखाली बोट धरून माझ्यामागून वाचत होता. त्याचं बोट थांबलं. "ये नहीं लिखा है," तो म्हणाला. मी पुढे वाचत राहिले. तो उठला, पुस्तकातली तुझी पानं खेचली, हाताने लिहिलेली बघितली आणि टराटरा फाडली. "फिर से झूठ!" मी म्हटलं, "यशदीप, खाली बस." तेवढ्यात चाकू बाहेर आला. बटणाचा तो खटका किती लहानसा असतो, पण सगळी खोली जागच्या जागी थिजली. त्याने माझ्या खांद्याला धरून मला कपाटाला दाबलं, चाकू इथे, गळ्याशी. पातं गार लागलं. मी म्हातारी बाई, मला वाटलं, बस, इथपर्यंतच होतं.

"गौतम भैया का भी झूठ बोला था ना? बोलो. सच बोलो. क्या हुआ था उस दिन?"

भावना उठली. तिने काही विचार केला नसावा, मागून आली आणि सरळ पातंच मुठीत धरलं. त्याने हिसका दिला. तिचा तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटला. किती रक्त, अच्युत! माझ्या पातळावर, जमिनीवर, तुझ्या फाटलेल्या पानांवर. ती ओरडली नाही. मूठही सोडली नाही. तिने मला विचारलं, "बोलो ना, काकू. मुझे भी सुनना है."

आता तुला सांगते, जे मी तुलाही खोटं लिहिलं. गौतम जागीच गेला नाही. मी तिथेच होते, वाचनालयाच्या पायरीवर. तो चालत माझ्याकडे आला, पोट धरून, आणि माझ्या मांडीवर आडवा झाला. मी पदराने दाबून धरलं पण आतलं बाहेर येत होतं, गरम, निसरडं, बोटांत राहीना. अॅम्ब्युलन्स डीजेच्या ट्रकमागे अडकलेली. लोक नाचत होते. तो तेवढा वेळ जिवंत होता आणि शुद्धीत होता. लघवी झाली त्याला, त्याची लाज वाटून तो पाय जवळ घेत होता. हे कुणाच्या आईला सांगण्यासारखं आहे का? मी सगळ्यांना सांगितलं, जागीच गेला, काही कळलंसुद्धा नाही त्याला. आणि सगळ्यांना ते पटलं, कारण सगळ्यांना तेच हवं होतं.

काल मी सगळं सांगितलं. चाकू त्या दोघांच्या हातात अडकलेला, आणि मी सांगतेय. लहान मुलं रडायला लागली. पराग दाराबाहेर जाऊन ओकला. ज्याला अजून रक्त हवं होतं तोच.

यशदीपला एकच गोष्ट हवी होती. "बदला बोला ना? मेरा नाम लिया ना?" दवणने तुझ्या पुस्तकात म्हटलं तसं. एवढासा झाला होता त्याचा चेहरा, नाव घेतलं असेल या आशेवर. हो म्हणायला माझी जीभ वळलीसुद्धा होती. आयुष्यभर मी मुलांना तेच तर देत आले, त्यांना सोसेल तेवढं. पण या वेळी त्याला सोसणार होतं ते खोटंच त्याला मारणार होतं. मी म्हटलं, "नाही रे. सूड नाही म्हणाला. तुझं नाव नाही घेतलं. लोकेशचंही नाही."

"फिर क्या बोला?"

"म्हणाला, 'मम्मीले सांगू नका, काकू. नवा शर्ट हाये. रागावन ते.' तेच तेच म्हणत राहिला. मग म्हणायचा थांबला."

यशदीपने चाकू सोडला. सोडला म्हणजे हातातून गळला. त्याने अंगातला शर्ट काढून भावनाच्या हाताला गुंडाळला आणि गाठ मारता मारता त्याचे हात असे थरथरले की गाठ बसेना, शेवटी चेतनाने मारली. तुला त्याने विचारलं होतं ना, त्याचं उत्तर मी वेगळं काही लिहीत नाही. परागने स्कूटरवर भावनाला दवाखान्यात नेलं, यशदीप मागे तिला धरून बसला. एका बोटाची शीर तुटली आहे, ते बोट आता वाकणार नाही म्हणतात. चाकू मी ठाण्यात देऊन आले, वाचनालयात सापडला म्हणून. हेही खोटंच, पण एवढं मी बोलणारच.

तुला इथली मतं हवी असतील. चेतना म्हणते, छापलेलं वाईट आहे पण तुझी नवी पानं त्याहून वाईट, कारण त्यात कुणाला काहीच लागत नाही. पराग म्हणतो, पुढचा भाग तो वाचणार नाही. भावनाला दवाखान्यात विचारलं तर म्हणाली, दवण मरताना एवढं लांब कसा बोलला, त्याला दुखत नव्हतं का? याला काय उत्तर देशील ते मला कळव, किंवा सरळ ये आणि तिला सांग.

आज सकाळी शांता आली. मुलांनी घरी जाऊन सांगितलं होतं. मला वाटलं, ही मला मारणार आणि मारलं तर बरोबरच आहे. ती आत आली नाही. जिथे मी त्याला मांडीवर घेतलं होतं त्या पायरीवर बसली आणि म्हणाली, पुन्हा सांगा, सगळं, गाळू नका. मी सांगितलं. ती हुंदका न देता ऐकत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी शर्टापर्यंत आले तशी तिने मान वर केली, माझ्याकडे नाही, रस्त्याकडे बघत राहिली, जणू तो अजून तिथून चालत येणार होता आणि त्याला ऐकू जायला हवं होतं.

"मी काहून रागावली असती वं, बाई?" ती म्हणाली. "शर्टच तं होता."

तुझी,
ताई